स्वप्नांचा केसपेपर

९ सप्टेंबर १९०४. खिडकीपाशी एक टेबल, त्यावर काही वस्तू. समोर उभ्या असलेल्या डॉक्टरांना पक्के ठाऊक आहे, की आपण स्वप्नात आहोत. मग प्रयोगच करून पाहू, असे ते ठरवतात. नाजूक काचेच्या पेल्यावर ते जोरात मूठ आपटतात. जागेपणी असे केले तर हाताचे काय होईल, हा विचारही त्यांच्या मनात येतो. पेला फुटत नाही. थोड्या वेळाने पुन्हा पाहतात, तर तो फुटलेला! काचा खिडकीबाहेर फेकल्यावर आवाज होतो आणि दोन कुत्री पळताना दिसतात. मग ते वाइनचा घोट घेतात. चव अगदी खऱ्या वाइनची लागते.

या डॉक्टरांचे नाव फ्रेडरिक व्हॅन एडन. १८६० मध्ये नेदरलँड्समधील हार्लेम येथे त्यांचा जन्म झाला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये वैद्यकशास्त्र शिकून १८८७ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी तिथेच मनोपचारांचा दवाखाना काढला. डच वाचकांना मात्र ते ‘छोटा योहानेस’ या कथेचे लेखक म्हणून जास्त परिचित आहेत. रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ त्यांनीच डच भाषेत नेली. १८९८ मध्ये बुसुम गावाजवळ त्यांनी ‘वॉल्डन’ ही सामुदायिक वसाहत उभी केली. काही वर्षांतच ती दिवाळखोरीत बुडाली.

या साऱ्या धावपळीत एक काम मात्र सुटले नाही. १८९६ पासून ते स्वतःची स्वप्ने वहीत टिपत होते. रुग्णाचा केसपेपर लिहावा तशी तारखेसह नोंद. ज्या स्वप्नांत ‘हे स्वप्न आहे’ याचे भान असे, त्यांची नोंद १८९८ पासून ते वेगळी ठेवू लागले. १९१२ अखेर सुमारे ५०० स्वप्ने जमली. त्यांतली ३५२ या खास प्रकारची होती. १९१३ मध्ये त्यांनी याविषयीचा निबंध लंडनच्या एका संस्थेपुढे मांडला आणि त्यात या प्रकाराला ‘ल्युसिड ड्रीम’ म्हटले. आपण त्याला सजग स्वप्न म्हणू.

त्याच वर्षी त्यांचा तरुण मुलगा पॉल वारला. सजग स्वप्नात दिवंगत माणसे भेटत, तेव्हा ती खरोखरच आपल्याजवळ होती, अशी व्हॅन एडन यांची खात्री असे. भीतिदायक स्वप्नांमागे दुष्ट शक्ती असतात, असेही त्यांचे मत होते. ज्या संस्थेपुढे निबंध वाचला, तीही परलोकविषयक अनुभवांचा अभ्यास करणारी. त्यामुळे शास्त्रज्ञांनी या नोंदींकडे दीर्घकाळ फारसे लक्ष दिले नाही. शिवाय झोपलेल्या माणसाच्या शब्दाला पुरावा तरी काय होता?

व्हॅन एडन १९३२ मध्ये वारले. त्यानंतर २१ वर्षांनी, १९५३ मध्ये, ‘रेम’ झोपेचा शोध जाहीर झाला. या झोपेत बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलतात, मेंदू कमालीचा सक्रिय असतो आणि ठळक स्वप्ने पडतात. हातापायांचे स्नायू मात्र शिथिल असतात, म्हणून आपण स्वप्नातले धावणे अंथरुणात करत नाही. रात्रभरात साधारण दर दीड तासाने रेम झोप येते आणि पहाटेकडे तिचा टप्पा लांबत जातो. व्हॅन एडन यांनी लिहून ठेवले होते, की त्यांची सजग स्वप्ने पहाटे ५ ते ८ या वेळेतच पडत. कारण ठाऊक नसताना त्यांनी वेळ अचूक टिपली होती.

पुरावाही अखेर डोळ्यांनीच दिला. रेम झोपेत डोळ्यांचे स्नायू मोकळे असतात. १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल येथे संशोधक कीथ हर्न यांनी एका स्वयंसेवकाला सांगून ठेवले, की स्वप्नाचे भान आले की ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरव. यंत्रावर रेम झोपेची नोंद चालू असतानाच ती खूण उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवले. दुष्ट शक्तींचे स्पष्टीकरण गळून पडले, वहीतली निरीक्षणे टिकली.

सजग स्वप्न हा आजार नाही. अनेकांना ते आयुष्यात कधी ना कधी पडते. मात्र ते मुद्दाम पडावे म्हणून पहाटे गजर लावून झोपमोड करणे बरे नव्हे. कारण झोप अपुरी पडली, तर दिवसाचे काम आणि मनःस्थिती दोन्ही बिघडतात. भास होणाऱ्या किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्तींनी असे प्रयोग टाळावेत. भयानक स्वप्नांनी वारंवार जाग येत असेल, तर अंगारे-धुपारे न करता डॉक्टरांना भेटावे, त्यावर उपचार आहेत. भेटीला जाताना स्वप्नांची नोंद सोबत न्यावी. तारीख, जाग आल्याची वेळ, चालू असलेली औषधे आणि काय दिसले, एवढे पुरे. अर्थ लावण्याची घाई नको.