फी नाही, वर महिना २८ डॉलर, तरी एडगर ॲलन पो कर्जात बुडाला. नेमकं काय झालं होतं?

भयकथांचा बादशहा एडगर ॲलन पो काही काळ मिलिटरी ॲकॅडमीत कॅडेट होता, हे अनेकांना माहीतच नसतं.

१८३० च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटमध्ये दाखल झाला. कॅडेटला महिन्याला १६ डॉलर पगार आणि रोज दोन शिधे. शिध्याची किंमत धरली तर २८ डॉलर. ऐकायला झकास, पण जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं त्याच खात्यातून वळतं व्हायचं. हातात काय राहणार?

त्यात पो आधीच देणेकरी. तीन वर्षांचा व्हायच्या आत आई गेली, रिचमंडच्या जॉन ॲलन या व्यापाऱ्याने त्याला सांभाळलं, पण कायद्याने दत्तक कधीच घेतलं नाही. पुढे ॲलनला काकाची मोठी इस्टेट मिळाली, तरी पोच्या कॉलेजखर्चाला हात आखडताच. पो जुगाराकडे वळला, कर्ज झालं, कॉलेज सुटलं. मग वय आणि नाव खोटं सांगून साधा शिपाई म्हणून सैन्यात! तिथून सुटायला स्वतःच्या जागी माणूस द्यावा लागे. त्यासाठी १२ डॉलर पुरले असते, पोने ७५ कबूल केले आणि बरेचसे थकवले.

हीच उधारी नडली. पैसे मागणाऱ्या सार्जंटला पोने पत्रात कळवलं, की ॲलन क्वचितच शुद्धीत असतो. सार्जंटने ते पत्र थेट ॲलनला पाठवलं. विषय संपला.

जानेवारी १८३१ मध्ये पोने ॲकॅडमी सोडायला ॲलनची संमती मागितली. उत्तर नाही. मग गडी हजेरीला जाईना, वर्गात बसेना. २८ जानेवारीला कोर्ट मार्शल झालं आणि बडतर्फी ठरली, पण ६ मार्चपासून. का? तोवरच्या पगारातून त्याची देणी फिटावीत म्हणून. (एवढी माया ॲलननेही दाखवली नव्हती.)

पो फेब्रुवारीतच निघाला. कवितांच्या पुस्तकासाठी शंभरहून जास्त कॅडेट्सनी प्रत्येकी सव्वा डॉलर दिला, तोही पगारातूनच. त्यांना मास्तरांची टर उडवणाऱ्या कविता हव्या होत्या. पुस्तक आलं, त्यावर अर्पणपत्रिका कॅडेट्सच्या नावे होती, पण आत टिंगलीची एक ओळ नाही. पोरं जाम वैतागली.