राजाराम महाराजांचा सागरप्रवास

मुलांनो, तुम्ही शिवाजी पेठेत राहत असाल तर रंकाळा तलाव तुमच्या रोजच्या पाहण्यातला आहे. तलावात नावेतून एक फेरी मारली तरी आपल्याला केवढा आनंद होतो! पण पेठेपासून जवळच असलेल्या जुन्या राजवाड्यातला एक तरुण राजा आगबोटीने समुद्र ओलांडून थेट इंग्लंडच्या राणीच्या राजवाड्यात गेला होता, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्यांचे नाव छत्रपती राजाराम महाराज. शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम वेगळे आणि शाहू महाराजांचे पुत्र राजाराम वेगळे. या तिघांची गल्लत करू नका.

आपल्या या राजारामांचा जन्म १८५० साली झाला. त्यांचे मूळ नाव नागोजीराव पाटणकर. कोल्हापूरच्या महाराजांना मुलगा नव्हता, म्हणून १८६६ साली नागोजीराव दत्तक आले आणि सोळाव्या वर्षी गादीवर बसले. त्यांना वाचनाची फार आवड. जमशेटजी उनवाला नावाचे पारशी शिक्षक त्यांना इंग्रजी शिकवीत. महाराज इतके छान इंग्रजी शिकले, की पुढे प्रवासाची रोजनिशी त्यांनी त्याच भाषेत लिहिली.

विसाव्या वर्षी त्यांनी विलायतेला जायचे ठरवले. आज ही गोष्ट साधी वाटेल. त्या काळी मात्र समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, अशी हिंदू समाजात समजूत होती. परत आलेल्या माणसाला जातीबाहेर टाकत. राजावर तर सगळ्यांचेच डोळे! महाराजांनी धर्म सोडला नाही आणि प्रवासही सोडला नाही. आपले आचारी बरोबर घेतले, उनवालांनाही घेतले आणि १८७० च्या उन्हाळ्यात मुंबईहून आगबोटीत पाऊल टाकले. अरबी समुद्र, मग तांबडा समुद्र. आपल्याकडचे हजयात्रेकरूही पूर्वी मुंबईहून याच पाण्यावरून जेद्दाहला जात. तुमच्या घरी कोणी वडीलधारे असे जहाजाने गेले असतील, तर समुद्र लागणे म्हणजे काय ते त्यांना विचारा.

लंडनमध्ये महाराजांनी पार्लमेंट पाहिले, दादाभाई नौरोजींची भेट घेतली. विंडसरच्या राजवाड्यात जाऊन ते व्हिक्टोरिया राणीला भेटले. कोल्हापूरच्या गादीवरचा राजा विलायतेला गेल्याची ही पहिलीच वेळ. नंतर त्यांनी स्कॉटलंडही पाहिले. जे दिसेल ते पाहावे, विचारावे आणि रात्री लिहून ठेवावे, असा त्यांचा स्वभाव होता.

पण घरी परतणे त्यांच्या नशिबी नव्हते. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात पोहोचेपर्यंत प्रकृती फारच ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे तेथेच निधन झाले.

आता मोठीच अडचण उभी राहिली. हिंदू रीतीप्रमाणे देहाला अग्नी द्यायचा होता, पण त्या शहरात तर मृतांना पुरण्याचीच रीत. परका देश, परकी भाषा, बरोबर मोजकी माणसे. काय करावे? शेवटी शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली आणि महाराजांवर त्यांच्याच धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार झाले. ज्यांनी असे काही कधी पाहिले नव्हते, त्यांनी परक्याच्या रीतीचा मान राखला. मला या साऱ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

१८७२ साली त्यांची रोजनिशी लंडनमध्ये छापली गेली. १८७४ साली संगमाजवळ छत्री उभारून तिच्याखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा तुम्ही पाहिलाच असेल. तोही याच मँट साहेबांनी आखलेला! इकडे १८८० साली सुरू झालेल्या कॉलेजला महाराजांचे नाव मिळाले. तेच आपले राजाराम कॉलेज.

छत्रीजवळ अर्नो नदीवर १९७८ साली मोठा पूल झाला. फ्लॉरेन्सचे लोक त्याला 'इंडियानो' म्हणजे हिंदी माणसाचा पूल म्हणतात. त्या शहराचा नकाशा कधी हाती आला, तर नदीच्या काठाकाठाने पश्चिमेकडे बोट फिरवा आणि ते नाव शोधून काढा.