टाकीत डिझेल आहे, तरी इंजिन बंद? रुडॉल्फ डिझेलच्या गोष्टीत आहे उत्तर

इंदापूरजवळ उजनीच्या फुगवट्यात बोट मध्यावर आहे आणि इंजिन फुरफुरून बंद पडतं. टाकी अर्धी भरलेली, बॅटरीही ठीक. मग बिघाड कुठे? बऱ्याचदा तो टाकी ते सिलिंडर या वाटेत असतो. बारामतीकडच्या शेतातलं पाण्याचं डिझेल इंजिनही असंच अडतं. ही वाट ज्याला पहिल्यांदा शोधावी लागली, त्याचं आडनाव आपण रोज पेट्रोल पंपावर घेतो.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म 18 मार्च 1858 चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. 1870 मध्ये फ्रान्स-जर्मनी युद्ध पेटलं आणि कुटुंबाला पॅरिस सोडावं लागलं. मुलगा जर्मनीत नातेवाइकांकडे राहून शिकला आणि म्युनिकमध्ये इंजिनिअर झाला.

त्याची कल्पना सोपी होती. सायकलचा पंप मारताना खालचं टोक गरम होतं ना? हवा दाबली की तापते. ती इतकी दाबायची, की आत आलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटेल. 1893 मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याच वर्षी 10 ऑगस्टला ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. स्फोट होऊन दाब मोजणारं यंत्र फुटलं आणि डिझेल थोडक्यात वाचला.

खरी अडचण वेगळीच होती. सिलिंडरमध्ये हवा आधीच प्रचंड दाबलेली असताना इंधन आत घालायचं कसं? त्यानं कॉम्प्रेसर लावला आणि त्याहूनही जास्त दाबाच्या हवेनं इंधन आत फवारलं. 1897 च्या चाचणीत इंजिननं इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे 26 टक्के कामी आणली. चांगल्या वाफेच्या इंजिनांपेक्षा हे बरंच जास्त होतं.

पण कॉम्प्रेसरमुळे इंजिन बोजड आणि महाग झालं. लहान कारागिराला परवडेल असं इंजिन करायचं त्याचं स्वप्न अडलं. जहाजांना मात्र ते मानवलं. 1910 मध्ये अमुंडसेन ज्या ‘फ्राम’ या शिडाच्या जहाजातून दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाला, त्यातही डिझेल इंजिन होतं.

डिझेलला त्याचं सुख फार लाभलं नाही. पेटंटचे वाद, आजारपण आणि बुडालेले पैसे यांनी तो खचला. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. मागे राहिलं मोठं कर्ज.

त्याचं अडलेलं काम पुढे रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं सोपं केलं. 1927 पासून तिचे इंजेक्शन पंप कारखान्यातून मोठ्या संख्येनं निघू लागले. आता हवेची गरज नव्हती. पंपातला छोटा दट्ट्या डिझेललाच दाबतो आणि नोझलमधून फवारा उडतो. बोटीत आणि शेतात मावणारी इंजिनं त्यामुळे शक्य झाली.

आता उजनीतल्या बोटीकडे या. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. पाइपात बुडबुडा असला, की दट्ट्या त्यालाच दाबत बसतो आणि नोझल उघडतच नाही. म्हणजे ज्या हवेच्या जोरावर डिझेलचं इंजिन चाललं, तीच आज इंजिन बंद पाडते. आपल्याकडे म्हणतात, इंजिननं हवा धरली.

उपाय क्रमानं करा. आधी टाकीचा कॉक उघडा आहे का आणि झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का ते बघा. मग फिल्टरमध्ये पाणी किंवा कचरा साचलाय का ते तपासा. टाकीकडून येणारा पाइप ढिला असेल तर आवळा, नाहीतर हवा पुन्हा शिरेल. शेवटी फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं, की स्क्रू आवळा. तरीही इंजिन सुरू झालं नाही, तर नोझलच्या पाइपांचं काम फिटरवर सोडा. तिथला फवारा कातडी भेदून आत जातो, त्यामुळे बोट लावून बघू नका.

आणि निघण्याआधी बोटीत वल्हं आहे ना, तेही बघा.