वि. स. पागे आणि कामाचा हक्क

दुष्काळ पडला की सरकारने खडी फोडण्याची कामे काढावीत आणि पाऊस पडला की ती बंद करावीत, ही रीत इंग्रजांच्या अमदानीपासून चालत आलेली. काम निघाले तर मजुराचे नशीब! या रीतीला ज्यांनी धक्का दिला ते विठ्ठल सखाराम पागे २१ जुलै १९१० रोजी जन्मले. स्वातंत्र्यचळवळीत ते होते. पुढे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. पण सभापती पुष्कळ होऊन गेले. पागे यांचे नाव राहिले ते तासगाव तालुक्यातील विसापूरच्या प्रयोगामुळे.

१९६५ साली तेथे त्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली : जो काम मागेल त्याला काम द्यायचे, आणि तेही बांधबंदिस्ती, विहिरी, पाझर तलाव असे, गावाची जमीन सुधारणारे. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ही कल्पना उचलून धरली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसवून योजनेसाठी पैसा उभा करण्यात आला. (आपल्या प्राध्यापकांच्या पगारातून कापला जातो तोच हा कर!) १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणीचा अर्ज दिल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारभत्ता.

पदवीधराने सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवावे आणि बोलावण्याची वाट पाहावी, एवढेच त्याच्या वाट्याला येई. नोंदणीने हक्क मिळत नसे. अडाणी समजल्या जाणाऱ्या मजुराला मात्र कायद्याने हक्क मिळाला होता. अर्थात कागदावरचा हक्क आणि तहसील कचेरीतला हक्क यांत अंतर राहिलेच. नवे काम काढायला किमान पन्नास मजूर हवेत, ही अट लहान वाड्यांना नडली. अर्जाची पोचच दिली नाही, तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? भत्ता तर क्वचितच कोणाच्या हाती पडला. तरीही कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या; गावच्या मालकाकडे पडेल त्या मजुरीवर राबण्याखेरीज त्यांना दुसरी वाट मिळाली.

पागे १६ मार्च १९९० रोजी वारले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००५ साली, संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा साऱ्या देशासाठी केला. पंधरा दिवसांची मुदत त्यातही होती.