प्रमाणाचे उपासक : विल्हेल्म मायबाख

ठाण्याहून कल्याणकडे किंवा भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला मोटारी दुरुस्त करणारी लहान लहान गॅरेजे दिसतात. जुन्या फियाट आणि पद्मिनी मोटारींच्या काळात तेथे एक दृश्य हमखास पाहावयास मिळे. अडखळत चालणाऱ्या मोटारीचे बॉनेट उघडून मेकॅनिक इंजिनाचा आवाज कान देऊन ऐके आणि एक बारीकसा स्क्रू किंचित आत-बाहेर फिरवी. स्क्रू योग्य जागी आला, की काळा धूर थांबे आणि इंजिन एका लयीत चालू लागे.

त्या स्क्रूने इंजिनात जाणाऱ्या हवेचे आणि पेट्रोलचे प्रमाण जुळविले जाई. घरातील शेगडीकडे पाहिले, तर या प्रमाणाचे महत्त्व ध्यानात येते. गॅसला पुरेशी हवा मिळाली, तर ज्योत निळी जळते. हवा कमी पडली, तर ती पिवळी होते आणि भांड्याचे बूड काजळीने माखते. मोटारीच्या इंजिनातही असेच घडते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल अधिक झाले, तर ते अर्धवट जळून वाया जाते. फार कमी झाले, तर इंजिन दम टाकते. हा मेळ इंजिनाला सहजपणे साधावा, म्हणून ज्यांनी अपार परिश्रम केले, त्यांत विल्हेल्म मायबाख यांचे नाव अग्रभागी आहे.

मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. विल्हेल्म अवघा दहा वर्षांचा असतानाच तो आई आणि वडील या दोघांच्याही छत्राला पारखा झाला. अशा वेळी रॉइटलिंगेन येथील एका धर्मादाय संस्थेने त्याला आश्रय दिला. गुस्ताफ वेर्नर या कनवाळू धर्मोपदेशकाने ती संस्था स्थापन केली होती. तेथील मुलांना केवळ अन्नवस्त्र मिळत नसे, तर एखादा व्यवसायही शिकविला जाई. विल्हेल्मचा हात रेखाटनात चांगला चाले. हे पाहून त्याला यंत्रांचे आराखडे काढण्याच्या कामावर घेण्यात आले. दिवसभर काम करून तो सायंकाळी गणित आणि पदार्थविज्ञान यांचा अभ्यास करी.

याच संस्थेच्या कारखान्यात गोटलिब डाइम्लर हे कर्तबगार अभियंते व्यवस्थापक म्हणून आले. एकोणीस वर्षांच्या या अबोल तरुणाची बुद्धी त्यांनी पारखली. तेव्हापासून दोघांची जी जोडी जमली, ती डाइम्लर यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. १८७२ मध्ये दोघेही डॉइट्स येथील निकोलाउस ओटो यांच्या इंजिनांच्या कारखान्यात गेले. तेथील इंजिने दिव्यांच्या गॅसवर चालत. ती अवजड असून एका जागी पक्की बसविलेली असत. हलके, वेगवान आणि पेट्रोलवर चालणारे इंजिन बनवावे, असा ध्यास डाइम्लर आणि मायबाख यांनी घेतला.

१८८२ मध्ये ते कानश्टाट गावी आले. डाइम्लर यांच्या बागेतील काचगृहात त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. रात्रंदिवस चाललेली ठोकाठोक ऐकून माळ्याला संशय आला, की येथे खोटी नाणी पाडली जात असावीत. त्याने पोलिसांना वर्दी दिली. पोलिसांनी झडती घेतली. पण त्यांना केवळ हत्यारे आणि इंजिनेच आढळली. जुनी इंजिने मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे घेत. या दोघांचे नवे इंजिन सहाशे फेरे घेऊ लागले. १८८५ मध्ये त्यांनी ते एका लाकडी दुचाकीवर बसविले आणि पुढील वर्षी चार चाकांच्या गाडीवर.

तरीही एक अडचण उरलीच होती. त्या काळी पेट्रोलच्या पृष्ठभागाला हवा लावून पेट्रोलची वाफ इंजिनात नेत. परंतु पेट्रोल थंड झाले, की वाफ कमी होई आणि गाडीला हादरे बसले, की प्रमाण बिघडे. इंजिनाला आपले अन्न कधी फार, तर कधी थोडे मिळे.

१८९१ मध्ये नव्या कंपनीने देऊ केलेल्या अटी न पटल्यामुळे मायबाख तिच्यातून बाहेर पडले. दुसरा एखादा खचून गेला असता. मायबाख यांनी मात्र डाइम्लर यांच्या साहाय्याने एका बंद पडलेल्या हॉटेलच्या दिवाणखान्यात आपले काम पुढे चालू ठेवले. तेथे १८९३ च्या सुमारास त्यांनी फवाऱ्याचा कार्बुरेटर सिद्ध केला. त्याची युक्ती साधी होती. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाऊ लागली, की तेथील दाब कमी होतो. त्या गळ्यात पेट्रोलची बारीक तोटी ठेवली, तर पेट्रोल आपोआप वर खेचले जाते आणि त्याचे सूक्ष्म तुषार हवेत मिसळतात. डासांवर औषध फवारणाऱ्या हातपंपातही हेच घडते. तोटीजवळच्या लहान भांड्यातील तरंगता गोळा पेट्रोलची पातळी कायम राखी. इंजिन जितकी अधिक हवा ओढी, तितके अधिक पेट्रोल तिच्याबरोबर येई. याच सुमारास हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनीही स्वतंत्रपणे असाच शोध लावला होता.

१८९५ मध्ये कंपनीने मायबाख यांना सन्मानाने परत बोलाविले. १९०० साली डाइम्लर निवर्तले. त्याच वर्षी मायबाख यांनी एका नव्या मोटारीचा आराखडा केला. पस्तीस अश्वशक्तीची ती मोटार ‘मर्सिडीज’ या नावाने १९०१ मध्ये नीस येथील शर्यतींत चमकली आणि मोटार म्हणजे इंजिन जोडलेली घोडागाडी ही समजूत मागे पडली. १९०७ मध्ये मायबाख यांनी कंपनी सोडली. उतारवयातही ते स्वस्थ बसले नाहीत. पुत्र कार्ल यांच्यासह विमाननौकांसाठी इंजिने बनविण्याचा कारखाना त्यांनी उभारला. २९ डिसेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. कानश्टाट येथील ज्या स्मशानभूमीत डाइम्लर विसावले आहेत, तेथेच त्यांनाही चिरविश्रांती लाभली.

आज नव्या मोटारींत कार्बुरेटर राहिलेला नाही. धुरात उरलेला प्राणवायू मोजून संगणक क्षणाक्षणाला पेट्रोलचे प्रमाण ठरवितो. कल्याण-डोंबिवलीच्या पेट्रोल पंपांजवळ मोटारींच्या धुराची तपासणी होते, तेव्हाही हवा आणि इंधन यांचा मेळ नीट बसला आहे की नाही, हेच एका परीने पाहिले जाते. साधने पालटली, प्रश्न मात्र तोच आहे. ना अधिक, ना उणे, असे अचूक प्रमाण शोधण्यासाठी एका अनाथ मुलाने जन्मभर धीर धरला. गाड्यांवर नाव बहुधा दुसऱ्याचे झळकले. पण त्या गाड्यांच्या प्रत्येक श्वासात मायबाख यांचे श्रम मिसळले होते.