नेहरूंपर्यंत न पोहोचलेला कागद

अमळनेरला पहाटे पाचला रस्त्यावर दोन प्रकारची पोरं दिसतात. एक भरतीसाठी धावणारी, दुसरी अभ्यासिकेत जागा धरायला निघालेली एमपीएससीवाली. दोघांच्याही वाटेवरून आधी चालून गेलेला एक मराठी माणूस आहे आणि गंमत म्हणजे दोघांनाही तो फारसा माहीत नसतो. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. लष्कराच्या ईस्टर्न कमांडचे प्रमुख आणि निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष.

जन्म 1906 चा, कोल्हापूरकडचा. इंग्लंडच्या सँडहर्स्टमध्ये शिकून 1926 साली ते अधिकारी झाले. हिंदी अधिकाऱ्याला पलटण सांभाळता येईल का, अशी शंका साहेबांना असण्याचा तो काळ. त्याचं उत्तर 1945 च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या कांगावला मिळालं. तिथे एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणींचे कमांडर भारतीय होते: थिमय्या, सेन आणि थोरात. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं.

1953 मध्ये थोरात कोरियात होते. युद्ध थांबलेलं, पण मायदेशी परत जायला नकार देणारे 22 हजारांहून जास्त कैदी सांभाळायचं काम भारतीय सैन्याकडे आलेलं. त्यातले बहुतेक चिनी. एक दिवस कैद्यांनी आपल्या एका मेजरलाच पकडून ठेवलं. बळ वापरलं असतं तर कैदीही मेले असते आणि मेजरही. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह थेट त्या चिडलेल्या गर्दीत शिरले, बोलत राहिले आणि मेजरला सोडवून बाहेर आले. त्याबद्दल त्यांना अशोक चक्र वर्ग 2 मिळालं, म्हणजे आजचं कीर्ती चक्र.

आता कमांड म्हणजे काय, ते थोडं. पलटण, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर आणि सगळ्यात वर कमांड, अशी ही उतरंड. कमांडच्या वर फक्त दिल्लीतले लष्करप्रमुख. आज लढाईच्या सहा कमांड आहेत आणि सातवी प्रशिक्षणाची. आपला खान्देश पुण्याच्या सदर्न कमांडमध्ये येतो. पण 1957 साली थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले तेव्हा देशात कमांड तीनच होत्या: पुण्याला सदर्न, सिमल्याला वेस्टर्न आणि लखनौला ईस्टर्न. लखनौत बसून थेट आसामपर्यंत बघायचं!

त्यात नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल, सुरुवातीला लष्कराकडे नव्हताच. तिथे आसाम रायफल्स होती. ऑगस्ट 1959 मध्ये लोंगजूच्या चौकीवर चिनी चालून आले आणि मग ती हद्द लष्कराच्या गळ्यात पडली. थोरातांनी ऑक्टोबरमध्येच आपला अहवाल लिहून काढला. त्यातला हिशेब कुणालाही कळावा इतका साधा होता. अगदी सीमारेषेवर आपला रस्ता नाही, तिथे रसद पोहोचणार नाही. तिथे फक्त खबर देणाऱ्या लहान चौक्या ठेवा. खरी लढाई मागे, बोमदिला, झिरो, तेझू अशा ठिकाणांच्या रेषेवर द्या. तिथवर येईपर्यंत शत्रूची रसद ताणली जाईल आणि आपली जवळ असेल.

लष्करप्रमुख थिमय्यांना हे पटलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना नाही. मग मार्च 1960 मध्ये थोरातांनी लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेऊन, चिनी कसे येतील ते मांडूनच दाखवलं. तरी काही हललं नाही.

1961 च्या मे महिन्यात थिमय्या निवृत्त झाले. त्यांची पसंती थोरातांना होती, पण लष्करप्रमुख झाले थापर. नियमाने बघितलं तर थापर ज्येष्ठ होते, हेही सांगायला हवं. थोरात निवृत्त झाले. पुढे चौक्या मात्र पुढेपुढेच सरकत गेल्या. 20 ऑक्टोबर 1962 ला नामका चू नदीकाठची आपली ब्रिगेड चिन्यांनी एका दिवसात मोडली. नोव्हेंबरमध्ये बोमदिलाही गेलं.

थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलंय की त्यानंतर नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं आणि हा अहवाल आपल्याला आधी का दाखवला नाही, असं विचारलं. थोरात म्हणाले, हे मेननच सांगू शकतील. मला वाटतं, निवृत्त जनरलला हे उत्तर देताना कोरियातल्या त्या गर्दीपेक्षा जास्त जड गेलं असेल.

1 मे 1963 ला ईस्टर्न कमांडचं मुख्यालय कोलकात्याला गेलं आणि लखनौला वेगळी सेंट्रल कमांड उभी राहिली. थोरातांना निवृत्त होऊन तोवर दोन वर्षं होत आली होती.