पंडिता रमाबाईंचा पहाटेचा पाठ

वेचणीस गेलेली बाई एकेक बोंड वेचून ओटीत टाकते, तेव्हा कोठे सायंकाळी गाठोडे भरते. विद्येचेही तसेच आहे. परंतु आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील मंडळ्यांस भेटी देत असता पुष्कळ बंधुभगिनी सांगतात की, दिवसभर शेतात राबावे लागते, मग वाचनास वेळ कोठून आणावा? अशा सर्वांस पंडिता रमाबाईंचे चरित्र मनन करण्याजोगे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले होते. रमा शिकण्याजोगी झाली तेव्हा वडील वृद्ध झाले होते. म्हणून आईच तिची गुरू झाली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे आणि घरकामाचा सर्व भार आईवर असे. तेव्हा ती माउली पहाटे, कामास लागण्यापूर्वी, निजलेल्या मुलीस उठवून जवळ घेई व पाठ सांगे. शाळा नव्हती, कायमचे घरही नव्हते; पाठ मात्र चालू राहिला. अशा रीतीने भागवताचे सहस्रावधी श्लोक त्या मुलीस मुखोद्गत झाले.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील व बहीण ही थोड्याच महिन्यांत मरण पावली. घरचे द्रव्य तर आधीच सरले होते. आईने पहाटे दिलेले धन तेवढे उरले. १८७८ साली रमाबाई आपले बंधू श्रीनिवास यांजबरोबर कलकत्त्यास गेल्या, तेव्हा तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

विद्येने मान मिळाला. परंतु अंतःकरणाची शांती त्यांस प्रभू येशूच्या ठायी लाभली. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील शेकडो मुलींस त्यांनी आश्रय दिला व केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. स्वतः भूक सोसलेल्या या बाईने त्या मुलींस नुसते अन्न देऊन सोडले नाही. वाचन व हातचा धंदाही शिकविला.

उतारवयात त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, खेड्यातील अशिक्षित स्त्रीसही समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. ऐकू कमी येऊ लागले, १८२१ नव्हे तर १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तरी रोजचे काम त्यांनी टाकले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूजवळ गेल्या. मुक्तिसदनातील स्त्रियांच्याच हातांनी ते छापले गेले.

प्रिय उपदेशक बंधूंनो, रानातील मान्ना इस्राएल लोकांस रोज पहाटे वेचावा लागे. कालचा आज टिकत नसे. तेव्हा रविवारच्या एका दिवसावर आठवडा काढू नये. कामास निघण्यापूर्वी घरी एक तरी वचन वाचावे, आणि जवळ बसलेल्या मुलीस एक तरी अक्षर शिकवावे. त्या अक्षरातून प्रभू पुढे काय उभे करील, हे त्या माउलीस तरी कोठे ठाऊक होते?